आंब्याचा सीझन संपेपर्यंत थांबू नका

देवगड तालुक्यातून एका बहिणीचं पत्र आलंय. नाव देत नाही, थोडं कापून इथे टाकते.

"ताई, मी ४१ वर्षांची. आम्ही तीन भावंडं. थोरला दादा मुंबईला असतो, त्याला मागच्या वर्षी ४८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. त्याआधी वर्षभर नुसता अशक्तपणा होता, हिमोग्लोबिन ८ वर आलेलं, लोहाच्या गोळ्या चालू होत्या. आतड्याची उजवी बाजू काढली, किमो झाली, आता बरा आहे. डॉक्टर म्हणाले भावंडांनी तपासून घ्या. मला काहीच त्रास नाही, घरचे म्हणतात काही नसताना नळी कशाला घालून घेतेस, उगाच दुखणं मागे लावून घ्यायचं. मधला भाऊ, भाई, ४५ चा, इथेच गावाला असतो, आमची हापूसची कलमं तोच बघतो. त्याला चारेक महिने शौचाला रक्त पडतंय पण तो म्हणतो 'माका काय झाला नाय, मुळव्याध आसा ती', झाडपाल्याचं औषध घेतो आणि म्हणतो आंब्याचा सीझन संपला की बघू. मी फक्त शौचाची टेस्ट केली तर चालेल का? आम्ही मासे खूप खातो, सुकं पण, त्याने होतं का? आमची आई पण ५२व्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली, घराण्यालाच काहीतरी लागलंय, कौल लावून घ्या असं लोक बोलतात. दादाचा मुलगा २१ चा आहे, त्याला यातलं काही सांगितलेलं नाही."

अगं, आधी भाईचं बोलूया. पत्र तू स्वतःसाठी लिहिलंयस पण वाचताना माझा जीव त्याच्यासाठी खालीवर झाला. ४५ वर्षांचा माणूस, सख्ख्या भावाला ४८व्या वर्षी कॅन्सर झालेला, आणि चार महिने रक्त जातंय, त्याला सीझन संपेपर्यंत थांबायची सवलत नाही. मला माहितीये एप्रिल-मे म्हणजे तुमच्याकडे वर्षाची कमाई, काढणी, पेट्या भरणं, गाडी लावणं, त्यात माणसं मिळत नाहीत, पण सीझन संपला की पाऊस लागणार, पाऊस लागला की लावणी, लावणी आटोपली की गणपती, आणि मग कोणीतरी म्हणणार आता दिवाळी होऊन जाऊ दे. त्याला मूळव्याध असेलही, नाही असं मी म्हणत नाही, रक्त पडणाऱ्या बहुतेक लोकांना मूळव्याध नाहीतर फिशर, म्हणजे गुदद्वाराची चीर, हेच निघतं. पण ते आत बघितल्याशिवाय कोणालाच कळत नाही, भाईला नाही, झाडपाला देणाऱ्याला नाही आणि इथे बसून मलाही नाही. लाल ताजं रक्त म्हणजे मूळव्याधच असं लोक छातीठोक सांगतात, ते चुकीचं आहे, आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात गाठ असली तरी रक्त तसंच लालभडक येतं. आणि मूळव्याध सापडली म्हणून वर आत काही नाही असंही नसतं, एकाच माणसाला दोन्ही असू शकतं.

मी बरीच वर्षं स्टाफ नर्स म्हणून काम केलंय, त्यातली काही एन्डोस्कोपीच्या, म्हणजे नळीने आतून तपासतात त्या, खोलीत, आणि मुळव्याधीच्या नावावर वर्ष-दीड वर्ष काढून आलेली माणसं तिथे बघितलीत, बहुतेक पुरुष, बहुतेक घरातले कमावते. लाज हे मोठं कारण असतं. बायकांना बाळंतपणामुळे तपासून घ्यायची थोडी तरी सवय होते, पुरुष मात्र त्या जागी कोणी बघणार म्हटलं की विषयच बदलतात. म्हणून त्याला कॅन्सर हा शब्द नको ऐकवूस, भांडूही नको, वहिनीला हाताशी धर आणि दादाला सांग की तूच भाईला फोन कर. ज्याचं ऑपरेशन झालंय त्याने सांगितलेलं वेगळं लागतं कानाला. त्याला म्हणा मूळव्याध असेल तर ती पण नीट बरी करून येशील, झाडपाल्याने चार महिने थांबली नाहीये ना. कणकवली, कुडाळ, ओरोस, जिथे तुमचा सर्जन असेल तिथे याच आठवड्यात न्या. आधी बोटाने तपासतील, मिनिटाचं काम, मग छोट्या नळीने खालचा भाग बघतील, रक्त तपासून हिमोग्लोबिन किती ते बघतील. आणि मूळव्याध दिसली तरी तिथे थांबू नका, "सख्ख्या भावाला कॅन्सर आहे, कोलोनोस्कोपी करायची का" हे डॉक्टरांना तोंडाने विचारा (कोलोनोस्कोपी म्हणजे कॅमेऱ्याच्या लांब नळीने पूर्ण मोठं आतडं आतून बघणं), कारण घरातली हिस्टरी सांगितली नाही तर गर्दीच्या ओपीडीत ती कोणी खणून काढत नाही. शौचाची टेस्ट करून निगेटिव्ह आली म्हणून भाईने सुटलो म्हणायचं नाही, ती टेस्ट त्याच्यासाठी पुरेशी नाही, ती मुख्यतः ज्यांना काही त्रास होत नाही त्यांच्यासाठी असते.

आता तू. तुला त्रास नाही म्हणूनच तुझी तपासणी कामाची आहे, हे घरच्यांना पटवायला जरा जड जाईल पण सांग. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर चामखिळीसारखी छोटी वाढ होते, तिला पॉलिप म्हणतात. पॉलिप खूप लोकांना असतात आणि सगळ्यांचा काही कॅन्सर होत नाही, पण बहुतेक कॅन्सर आधी पॉलिपच असतात आणि त्यांना बदलायला साधारण दहाएक वर्षं लागतात. एवढ्या वर्षांत दुखत नाही, खुपत नाही, पोट रोज साफ होतं, माणूस मस्त असतो. कोलोनोस्कोपीत हा पॉलिप दिसला की तिथल्या तिथे तारेच्या फासाने काढून टाकतात, १९६९ सालापासून हे होतंय, काही नवीन टूम नाही. म्हणजे इथे कॅन्सर लवकर सापडणं तर आहेच, पण तो व्हायच्या आधीच काढता येतो, आणि असं फार थोड्या कॅन्सरच्या बाबतीत जमतं. दुखणं मागे लावून घेणं कसलं, उलट ते लागायच्या आधी काढून टाकायचं.

आणि लवकर सापडण्याचा फरक केवढा असतो बघ, अमेरिकेतले आकडे आहेत पण अंदाज येतो, कॅन्सर आतड्यापुरताच असताना सापडला तर दहातले साधारण नऊ जण पाच वर्षांनंतरही असतात, तोच लांब लिव्हर वगैरेपर्यंत पसरून सापडला तर सातात एखादा.

तुझं वय झालंय का तर हो, झालंय. आईवडील, भाऊ-बहीण, मुलं यांच्यापैकी एकाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल तर आपली पहिली कोलोनोस्कोपी ४० व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या वयातून १० वजा करून जे येईल तेव्हा, दोन्हीतलं जे आधी येईल ते. दादा ४८ चा होता, म्हणजे ३८, तू ४१ ची आहेस. घाबरायचं नाही, तीन वर्षांनी काही आभाळ कोसळत नाही, पण पुढच्या वर्षावर ढकलू नकोस. काही निघालं नाही तरी पाच वर्षांनी परत करायची, ज्यांच्या घरात कोणाला नाही त्यांना दहा वर्षं चालतं. सख्ख्या नात्यात असला की धोका साधारण दुप्पट होतो असं म्हणतात, आपल्याकडे मुळात हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी, त्यामुळे दुप्पट होऊनही बहुतेक भावंडांना तो होत नाही. हे धीर यावा म्हणून सांगतेय, टाळावं म्हणून नाही.

शौचाची टेस्ट चालेल का विचारलंयस. फिट म्हणून एक टेस्ट असते, शौचात डोळ्याला न दिसणारं रक्त असेल तर ती दाखवते, तिला पथ्य लागत नाही, घरी नमुना घेऊन लॅबला द्यायचा. जुन्या पद्धतीच्या टेस्टला मटण वगैरे बंद करायला लागायचं, म्हणून लॅबमधे विचारून घ्यायचं यातली कुठली आहे. टेस्ट वाईट नाही अजिबात, अमेरिकेत मिनेसोटात ४६ हजारांवर लोकांवर शौचातल्या रक्ताच्या त्या जुन्या टेस्टचा मोठा अभ्यास झाला, १९९३ साली निकाल आले, दरवर्षी टेस्ट करणाऱ्यांत या कॅन्सरने होणारे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झालेले. पण फिटला सगळे पॉलिप सापडत नाहीत कारण सगळ्यांतून रक्त येत नाही, म्हणून तुझ्यासारख्या घरातल्या माणसाला पहिली पसंती कोलोनोस्कोपीलाच. अगदीच जमत नसेल तर दरवर्षी न चुकता फिट, आणि पॉझिटिव्ह आली तर "परत एकदा फिट करून बघूया" असं करायचं नाही, सरळ कोलोनोस्कोपी. आणि ते पॅकेजमधे सीईए नावाची रक्ताची टेस्ट टाकतात ना, ती कॅन्सर झालेल्याच्या फॉलोअपसाठी ठीक आहे, निरोगी माणसाची तपासणी म्हणून तिचा उपयोग नाही, त्यावर पैसे घालू नकोस.

जाता जाता, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण. घरात कोणाला नसेल तर अमेरिकेत आता ४५ पासून तपासणी करायला सांगतात, आधी ५० होतं, २०२१ मधे तिथल्या सरकारी तज्ज्ञ मंडळानेही खाली आणलं कारण तरुणांत प्रमाण वाढतंय. आपल्याकडे सरकारची जी तपासणी आहे ती तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची, आतड्याची त्यात नाही, त्यामुळे आशाताई दारात येऊन तुम्हाला हे सांगणार नाही, आपणच विचारावं लागतं.

कोलोनोस्कोपीची भीती लोकांना नळीची असते पण खरा त्रास आदल्या दिवसाचा असतो. आतडं एकदम स्वच्छ लागतं, नाहीतर छोटा पॉलिप मळाखाली लपतो आणि सगळं परत करायला लागतं. दोन-तीन दिवस आधीपासून चोथा नको, म्हणजे मऊ भात, पेज, अंडं, साधा मासा चालेल, पण पालेभाजी, काजू, खोबरं, फणस, आठळ्या, बिया असलेलं काही नको. वाटपाचं कालवण ते दिवस बंद, मला माहितीये कठीण आहे. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि नितळ, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, पेजेवरची निवळ, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत आणि सोलकढी नको हं, हे आपल्याकडच्यांना मुद्दाम सांगावं लागतं, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो आणि सोलकढीत नारळाचं दूध असतं. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, शौच काळं होतं त्याने. रक्त पातळ करणारी गोळी किंवा डायबेटिसची औषधं चालू असतील तर आपल्या मनाने बंद करायची नाहीत, आधी डॉक्टरांना विचारायचं.

मग आतडं साफ करायची पावडर पाण्यात कालवून प्यायची, दोनेक लिटर, साधारण अर्धी रात्री आणि अर्धी पहाटे, दोन भागांत घेतली की आतडं जास्त स्वच्छ होतं. थंड करून प्यायली तर चव सहन होते. आणि एक गोष्ट मी तुला कळकळीने सांगते, पहाटेचा डोस पिऊन देवगडहून गाडीने किंवा एसटीने दोन-तीन तास प्रवास करायचा विचार सुद्धा करू नकोस, वाटेत हाल होतील. आदल्या दिवशीच हॉस्पिटलच्या जवळ नातेवाईक असतील तिथे किंवा साध्या लॉजवर राहा, खोलीला संडास जोडून आहे ना ते बघून घे. कुठे करायची तर कणकवली-कुडाळकडे फोन करून विचार, तुमच्याकडची बरीच माणसं गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात, रत्नागिरीच्या बाजूच्यांना डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल आहे. रोज होते की ठरलेल्या वारीच होते, भूल देणारे डॉक्टर असतात का, पॉलिप निघाला तर तेव्हाच काढतात का आणि बायोप्सीसकट खर्च किती, हे सगळं फोनवरच विचारून घे.

तपासणी अर्ध्या तासाची. डाव्या कुशीवर झोपवतात, शिरेतून गुंगीचं औषध देतात, बऱ्याच जणांना काही आठवतच नाही. पॉलिप काढताना दुखत नाही, आतड्याच्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. नंतर थोडे तास पोट फुगल्यासारखं होतं, वारा सरला की बरं वाटतं, त्यात लाजायचं नाही. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, आतड्याला भोक पडणं हे दहा हजार तपासण्यांत तीनेक वेळा होतं, जास्त रक्तस्राव दहा हजारात पंधराएक वेळा, तोही बहुतेक पॉलिप काढल्यावर. नंतर पोटात जोरात दुखलं, ताप आला किंवा रक्त जास्त गेलं तर लगेच परत जायचं, म्हणून त्या रात्री हॉस्पिटलपासून फार लांब जाऊ नये असं मला वाटतं. त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही, सही-बिही कशावर करायची नाही, बरोबर कोणीतरी मोठं माणूस हवं.

माशांनी झालं का, तर नाही, मासे खाऊन हा कॅन्सर होतो असा काही पुरावा नाही, बांगडे-पेडवे खुशाल खा. सुकं खारट असतं तेव्हा प्रेशरवाल्यांनी बेताने, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मधे सांगितलं ते प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, रोज ५० ग्रॅम खाल्लं तर धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो, मटण-बीफसारखं लाल मांसही संशयितात आहे. चोथा असलेलं खाणं चांगलं, नाचणीची भाकरी, कुळीथ, वाल, चवळी, हे आपल्याकडे घरात होतंच, आता मुलांच्या डब्यातून गेलंय. दारू आणि बिडी-सिगारेट ही दोन खरी कारणं आहेत आणि भाई घेत असेल तर ते डॉक्टरांना खरं सांगू दे. पोटाचा घेर, बसून राहणं, हेही. पण दादाने काहीतरी खाल्लं म्हणून झालं असं त्याला कोणी बोलू नका, कृपा करून.

दादाच्या लोहाच्या गोळ्यांबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण हे घरोघरी होतं. पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या बाईला लोह कमी होऊन हिमोग्लोबिन उतरलं तर लोह जातंय कुठे हे शोधायला हवं, नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही. आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ असली की रक्त थोडं थोडं झिरपत राहतं, शौचात मिसळून जातं, डोळ्याला दिसत नाही, माणूस फक्त दमतो. ज्यांच्या घरात कोणी असं वर्ष वर्ष गोळ्या खातंय त्यांनी डॉक्टरांना हा प्रश्न विचारा.

आणि आता पत्राच्या शेवटी तू जे ओझरतं लिहिलंयस त्यावर मी थांबले. आई ५२व्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली, दादाला ४८व्या वर्षी आतड्याचा, तोही उजव्या बाजूचा. घराण्याला काही लागलंय असं लोक म्हणतात, कौल लावायचा तर लावा, देवाला गाऱ्हाणं घाला, मी त्याच्या आड येणार नाही, फक्त अपॉइंटमेंट आधी घ्या. कारण लिंच सिन्ड्रोम नावाची एक गोष्ट असते. पेशी वाढताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारे जीन्स असतात, त्यातला एक जन्मतःच बिघडलेला असला की आतड्याचा आणि बायकांत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर कमी वयात होऊ शकतो. तुमच्या घरात तेच आहे असं मी म्हणत नाही, आईचा कॅन्सर गर्भाशयमुखाचा होता की आतल्या अस्तराचा हे आधी बघायला हवं, मुखाचा असेल तर तो वेगळाच, एचपीव्ही व्हायरसने होणारा. जुने कागद शोधा, नसतील तर तेव्हा आईबरोबर हॉस्पिटलला कोण गेलं होतं त्यांना विचारा.

पण कागद मिळायची वाट न बघता दादाने त्याच्या डॉक्टरांना विचारायचं की माझ्या गाठीची एमएमआर टेस्ट झाली होती का, म्हणजे हे दुरुस्ती करणारे जीन्स गाठीत काम करतायत का ते बघणारी टेस्ट. कधी कधी रिपोर्टमधे आधीच लिहिलेलं असतं आणि घरच्यांना कोणी समजावलेलं नसतं. झाली नसेल तरी ऑपरेशनमधे काढलेल्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक लॅबमधे ठेवलेले असतात, त्यावर आताही करता येते, दादाला परत काही टोचायला नको. त्यात संशय आला तर दादाची रक्तातून जीन टेस्ट, टाटा मेमोरियलमधे कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, तिथे नीट समजावून सांगतात. दादात बिघाड सापडला तर तुझी आणि भाईची तेवढ्याच एका बिघाडासाठी टेस्ट होते. तुझ्यात नसेल तर तू बाकीच्या चारचौघींसारखी, दर पाच वर्षांची धावपळही सुटेल. असेल तर कोलोनोस्कोपी दर एक-दोन वर्षांनी, आणि गर्भाशय-अंडाशयाचं काय करायचं ते स्त्रीरोगतज्ज्ञ तुझ्याशी बोलतील. पाळी सोडून मधेच रक्त जाणं असं काही तुला होत असेल तर ते आत्ताच दाखव, रिपोर्टसाठी थांबू नकोस. आणि तुझी पहिली कोलोनोस्कोपीही या सगळ्यासाठी अडवून ठेवू नकोस, ती व्हायचीच आहे.

दादाच्या मुलाला सांगा. २१ वर्षांचा म्हणजे मोठा आहे तो, बाबांच्या आजाराचं घरात कुजबुजून बोलतात हे त्याला कधीच कळलं असेल. त्याला आज काही करायचं नाहीये. दादाचा रिपोर्ट लिंचचा आला तर मुलात तो यायची शक्यता निम्मी असते, आणि ज्यांच्यात असतो त्यांची तपासणी बहुतेकदा विशी ते पंचविशीच्या दरम्यान सुरू करतात, म्हणजे त्याच्यासाठी वेळ हीच. तसं काही नसेल तर त्याने पहिल्या कोलोनोस्कोपीसाठी ३८ हे वय लक्षात ठेवायचं, आणि कधी शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध म्हणून गप्प न बसता त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं.